चर, कठडा आणि लाल कंदील

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत इतिहास म्हटला की सयाजीराव महाराज, राजवाडे, मांडवी, नाहीतर पेशवाई असे विषय ठरलेले असतात. ते आम्हालाही प्रिय आहेत. पण यंदा आम्ही जरा खाली, म्हणजे पायाखाली पाहायचे ठरवले. रस्ता खोदला की त्याभोवती कठडा लावायचा आणि रात्री दिवा ठेवायचा, हे कोणी, केव्हा आणि कोणासाठी ठरवले, याचा हा शोध आहे. आम्ही सरकारी नोकरीत, रस्त्यांच्या कामाशी संबंधित. स्थापत्याची पदविका घेताना काँक्रीट, माती, मोजणी, अंदाजपत्रक सगळे शिकलो. पण चराभोवतीचा कठडा हा कधी प्रश्नपत्रिकेत आला नाही. पुढे नोकरीत कागदपत्रे चाळता चाळता लक्षात आले की या साध्या बांबूच्या कठड्यालाही मोठा इतिहास आहे, आणि तो बऱ्यापैकी आपल्यापर्यंत येऊन पोचतो.

बडोद्यात उत्सवाचे दिवस आणि अर्धवट चरांचे दिवस एकच. उन्हाळ्यात पावसाळी गटार, गॅसची नळी, केबल यांसाठी चर खोदले जातात. पाऊस सुरू झाला की खोदकामाला साधारणपणे मनाई होते, म्हणजे नवा चर खोदत नाहीत. जुना मात्र तसाच राहतो. वरवर लोटलेली माती पहिल्या दोन-चार जोरदार पावसांत खाली बसते आणि ज्येष्ठात बुजवलेला चर भाद्रपदात पुन्हा तोंड उघडतो. नेमक्या त्याच वेळी आपण मूर्ती आणायला आणि विसर्जनाला सहकुटुंब रस्त्यावर उतरतो. तेव्हा हा विषय स्मरणिकेला अगदीच परका नाही.

खड्डा खणणाऱ्यावर जबाबदारी टाकणारा एक फार जुना नियम बायबलच्या जुन्या करारात, 'निर्गम' या पुस्तकात आहे. कोणी खड्डा खणून तो झाकला नाही आणि त्यात दुसऱ्याचा बैल किंवा गाढव पडून मेले, तर खड्डेवाल्याने जनावराची किंमत भरायची आणि मेलेले जनावर स्वतःकडे ठेवायचे. हिशेब चोख आहे. पण त्यात कुंपण नाही आणि दिवाही नाही. भर रस्त्यात खड्डा खणायचे तेव्हा फारसे कारणच नव्हते. शहरातला रस्ता पुन्हा पुन्हा खोदला जाऊ लागला, तो जमिनीखालून नळ जाऊ लागले तेव्हापासून.

आणि तो प्रकार मोठ्या प्रमाणावर प्रथम लंडनमध्ये झाला. १८१२ साली तिथल्या गॅस लाइट अँड कोक कंपनीला सनद मिळाली. त्यानंतर आणखी कंपन्या निघाल्या आणि एकाच रस्त्यात दोन-दोन, तीन-तीन कंपन्यांनी आपापल्या नळ्या टाकल्या. एकीने बुजवले की दुसरीने उकरायचे. आज आपल्याकडे केबलवाले करतात तेच. रस्त्यावर उजेड यावा म्हणून नळी टाकायची आणि त्या नळीसाठी खणलेल्या चरात माणसाने अंधारात पडायचे, असा तो उलटा न्याय होता.

१८४७ साली ब्रिटिश पार्लमेंटने पाणीपुरवठा, गॅस आणि नगरसुधारणा या तीन विषयांवर एकाच वर्षी तीन कायदे केले. पुढे कोणत्याही गावाने किंवा कंपनीने स्वतःचा कायदा करून घेताना त्यात जशीच्या तशी घालायची अशी ही नमुना कलमे होती. त्यांतली खोदकामाची कलमे वाचताना आम्हाला नवल वाटले, कारण आजच्या निविदेतली भाषा यापेक्षा फार वेगळी नाही. रस्ता उघडणाऱ्याने तो होईल तितक्या लवकर पूर्ववत करावा. उघडा असेतोवर त्याला कुंपण घालावे, राखण ठेवावी. आणि जितक्या रात्री तो उघडा राहील तितक्या सर्व रात्री येणाऱ्या-जाणाऱ्यांना सावध करण्यापुरता दिवा तिथे जळता ठेवावा.

कुंपण, राखण आणि दिवा. यांतला 'राखण' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे. इंग्रजी शब्दाचा अर्थ नुसता आडोसा असाही होऊ शकतो. पण त्या काळी दिवा ठेवणे म्हणजे माणूस ठेवणेच होते. कंदील आपोआप रात्रभर जळत नाही. वात कापावी लागते, काचेची काजळी पुसावी लागते, तेल संपते, वाऱ्याने विझतो, आणि मुख्य म्हणजे चोरीला जातो. म्हणून इंग्लंडमध्ये खोदकामापाशी रात्रीचा रखवालदार बसवीत. त्याचे लहानसे खोपटे, पुढ्यात कोळशाची शेगडी आणि चराच्या कडेने लाल कंदिलांची रांग, हे दृश्य तिथे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होते.

लाल काचेचे एक शास्त्र आहे, तेही सांगून टाकतो. लाल काच उजेडातला लाल भाग तेवढा बाहेर सोडते, बाकीचा अडवते. म्हणजे आधीच मिणमिणत्या ज्योतीचा बराचसा उजेड काचेतच संपतो. असा कंदील रस्ता उजळत नाही, फक्त 'इथे काही आहे' एवढेच सांगतो. काय आहे, किती खोल आहे, कोणत्या बाजूने जायचे, हे सांगायला शेगडीजवळचा माणूस लागे. तो ओरडून सांगे, वेळ पडली तर हात धरून पलीकडे नेई. कायद्याने मागितलेल्या तीन गोष्टींपैकी खरा भार याच्यावर होता. पुढे दिव्यात बॅटरी आली, आणि पहिल्यांदा कमी झाला तो हा माणूस.

आपल्याकडे हे कायदे आले ते मुंबईच्या वाटेने. मुंबईत विहारचे पाणी नळाने १८६० मध्ये आले आणि रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ मध्ये लागले. म्हणजे लंडनचा अनुभव, चरांसकट, काही दशकांच्या अंतराने आपल्या किनाऱ्यावर उतरला. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात रस्ता किंवा गटार दुरुस्त करताना घ्यायच्या खबरदारीची कलमे आहेत. कामाला कुंपण घालणे, आजूबाजूच्या इमारतींना टेकू देणे, रस्त्यात आडवे दांडे, साखळ्या किंवा खांब लावणे, रात्री पुरेसा उजेड ठेवणे, हे सगळे आयुक्तांचे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. दुसऱ्या कोणी परवानगी घेऊन रस्ता खोदला तर त्यालाही तेच लागू. आणि त्याबरोबर आणखी एक तरतूद आहे, जी सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही: असे लावलेले दांडे, साखळी किंवा खांब अधिकाराशिवाय हलवणे आणि दिवा काढणे किंवा विझवणे हासुद्धा गुन्हा आहे. हिच्याकडे आम्ही पुढे परत येणार आहोत.

बडोदे तेव्हा संस्थान होते. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, आजव्याच्या तलावाचे पाणी नळाने शहरात आले आणि रावपुरा, मांडवी या भागातल्या रस्त्यांनी पोटात लोखंडी नळ घेतले. आजव्याचे कौतुक आपल्याकडे पुष्कळ झाले आहे आणि ते योग्यच आहे. पण इतका नळ पुरायचा तर किती चर खणावे लागले असतील, याचा विचार आपण करीत नाही. १९४९ साली बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम झाला आणि त्याखाली बडोद्याची महानगरपालिका उभी राहिली. १८८८ च्या कायद्यातली ती कुंपणाची आणि दिव्याची कलमे या नव्या कायद्यात जवळजवळ तशीच उतरली होती. १९६० नंतर राज्य बदलले, नाव बदलले, भाषा बदलली, कलमे राहिली. म्हणजे आज दांडिया बाजारात एखाद्या चराला बांबूचा कठडा असतो किंवा नसतो, तेव्हा जो नियम पाळला किंवा मोडला जातो त्याचे मूळ लंडनच्या गॅसच्या चरांत आहे आणि वाट मुंबईवरून आहे. बडोद्याच्या मराठी घरांचीही वाट पुष्कळदा अशीच वळणावळणाची आहे, म्हणून आम्हाला हा योगायोग आवडला.

आता जबाबदारीचा प्रश्न. काम नगरपालिकेचे, खोदणारा ठेकेदार, आणि पडणारा तिसराच. मग भरपाई कोणी द्यायची? आपल्याकडचे उत्तर सगळ्यांना पाठ आहे: 'ठेकेदाराला विचारा.' हे उत्तर इंग्लंडच्या न्यायालयाने १८९९ मध्येच निकालात काढले. विम्बल्डन, म्हणजे जिथे टेनिस चालते तेच, तिथल्या नगर परिषदेने एका रस्त्याचे काम ठेकेदाराला दिले होते. ठेकेदाराच्या माणसांनी रस्त्यात मातीचा ढीग टाकला; त्याला कठडा नाही, दिवा नाही. अंधारात एक पादचारी त्यावर अडखळून पडला. परिषद म्हणाली, आमचा काय संबंध? 'पेनी विरुद्ध विम्बल्डन' या खटल्यात अपील न्यायालयाने सांगितले की, सार्वजनिक रस्त्यावर असे काम करवून घेताना लोकांना धोका होणार हे काम देणाऱ्याला आधीच दिसत असते. खबरदारी घेण्याचे कर्तव्य त्याचे आहे, आणि ते ठेकेदाराच्या गळ्यात घालून मोकळे होता येत नाही. ढीग, लक्षात घ्या, खड्डाही नव्हे! सव्वाशे वर्षे झाली त्याला.

इथपर्यंतच्या सगळ्या कायद्यांत आणि खटल्यांत संरक्षण द्यायचे ते मुख्यतः पायी चालणाऱ्याला. मग मोटार आली आणि गोष्टीने वळण घेतले.

मोटारीला कंदील पुरत नाही. तिचा वेग असा की कंदील दिसेपर्यंत गाडी चरात. म्हणून इशारा लांबूनच हवा, आणि मधला अडथळा असा हवा की गाडी आदळली तरी माणूस मरू नये. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरात रस्त्यावर पट्टे रंगवणाऱ्या खात्यात चार्ल्स स्कॅनलन नावाचा कामगार होता. ओल्या रंगावरून गाड्या जाऊ नयेत म्हणून लाकडी घोड्या लावीत. त्या मोडत आणि गाड्यांनाही इजा करीत. त्याने रबराचा पोकळ शंकू काढला. धक्का लागला तर वाकतो, पुन्हा सरळ होतो, एकात एक घालून ठेवता येतो. १९४३ मध्ये त्याला पेटंट मिळाले. आज शाळेच्या फाटकापासून लग्नाच्या पार्किंगपर्यंत जो केशरी शंकू दिसतो, तो हा. रस्त्यावर रोज राबणाऱ्या कामगाराने काढलेली वस्तू आहे, म्हणून आम्हाला तिच्याविषयी विशेष आदर आहे.

त्याच सुमारास, १९३९ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रस्त्याच्या पाटीवर पहिल्यांदा परावर्तक पत्रा लागला. आपण त्याला 'रेडियम' म्हणतो. रेडियमचा आणि त्याचा काडीमात्र संबंध नाही. या पत्र्यात काचेचे बारीक मणी असतात आणि ते आलेला उजेड ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत पाठवतात. त्यामुळे गाडीच्या दिव्यात पाटी लांबून लखलखते. फावड्याने माती उपसणाऱ्या माणसाची तांबड्या किनारीच्या त्रिकोणातली ओळखीची पाटी ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकात, मार्गारेट कॅल्व्हर्ट या चित्रकर्तीच्या हातून आजच्या रूपात आली. तो माणूस न उघडणाऱ्या छत्रीशी झटतो आहे, अशी थट्टा इंग्रज लोक अजून करतात. आपल्याकडे 'काम चालू छे' असे लिहिले नसले तरी चालते, ते त्या चित्रामुळे.

भारतात या सगळ्याला शिस्त लावली ती इंडियन रोड्स काँग्रेसने. ही संस्था १९३४ मध्ये स्थापन झाली. तिच्या मागे एका मराठी माणसाचे काम आहे, हे इथे सांगितलेच पाहिजे. १९२७ मध्ये सरकारने देशातल्या रस्त्यांचा विचार करायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. जयकर समितीच्या शिफारशींतून मध्यवर्ती रस्ते निधी आला आणि रस्त्याच्या इंजिनियरांचे हे व्यासपीठही. या संस्थेने २००१ मध्ये बांधकाम चालू असलेल्या रस्त्यांवरील सुरक्षिततेची मार्गदर्शिका काढली आणि २०१४ मध्ये ती सुधारली. आमच्या खात्यात ती 'एसपी ५५' या नावाने ओळखली जाते. तिच्यात कामाच्या जागेचे चार भाग केले आहेत: आधी सूचना देण्याचा पट्टा, मग वाहने एका बाजूला वळवण्याचा, मग प्रत्यक्ष कामाचा, आणि शेवटी वाहने पुन्हा आपल्या मार्गाला लागण्याचा. उत्तम विचार आहे. हमरस्त्यावर तो पाळला तर जीव वाचतात.

पण शहरातल्या गल्लीत उभे राहून विचार केला की एक गोष्ट खटकते. रेडियमची पट्टी गाडीवाल्याशी बोलते, पायी चालणाऱ्याशी नाही. प्रयोग करून पाहा. रात्री अशा पट्टीपासून दहा-पंधरा पावलांवर उभे राहा. मोबाइलचा टॉर्च डोळ्यांच्या बाजूला धरा, पट्टी झगझगीत दिसेल. तोच टॉर्च कमरेपाशी धरा, पट्टी मंद होईल, कारण ती उजेड टॉर्चकडे परत पाठवते, तुमच्या डोळ्यांकडे नाही. आणि टॉर्चच नसेल तर ती नुसती करडी फीत. १८४७ चा कंदील मिणमिणता होता, पण तो सगळ्यांसाठी जळत होता. मग हळूहळू असे झाले की इशारा त्यालाच दिसावा ज्याच्याकडे स्वतःचा दिवा आहे. हे कोणी ठरवून केले नाही. मोटार वाढली, अपघात मोटारीचे मोजले गेले, साधने मोटारीसाठी निघाली. आजी दूध आणायला निघते तेव्हा तिच्या डोक्याला हेडलाइट नसतो, हे मागे पडले.

नेमका हाच प्रश्न, इशारा कोणासाठी, इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायासनापुढे, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे, एका अंध माणसाने नेला. आमच्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोठा टप्पा आहे.

ऑक्टोबर १९५६. लंडनच्या आग्नेय भागात वीज मंडळाचे कामगार फुटपाथवर केबलसाठी चर खोदत होते. पायी येणाऱ्यांनी त्या बाजूला जाऊ नये म्हणून त्यांनी पाट्या लावल्या आणि एका टोकाला माती चोपायचे लांब दांड्याचे धुम्मस आडवे ठेवले. जड डोके फुटपाथवर, दांडा तिरका टेकवलेला. डोळस माणसाला ते पुरेसे होते. तो पाहील आणि वळेल. हेली नावाचे गृहस्थ अंध होते. नेहमीच्या वाटेने, पांढऱ्या काठीने पुढचा अंदाज घेत, कामावर जायला निघाले होते. काठी काळजीपूर्वक फिरवली तरी ती त्या तिरक्या दांड्याला लागली नाही. पाय लागला. ते पडले, डोक्याला मार बसला आणि त्यांची श्रवणशक्ती गेली. ज्याला दिसत नव्हते त्याला आता ऐकूही येईना.

खालच्या न्यायालयात ते हरले. अपिलातही हरले. म्हणणे असे की, मंडळाने सर्वसाधारण माणसासाठी पुरेशी खबरदारी घेतली होती. प्रत्येक अपवादाचा विचार करीत बसले तर कामेच होणार नाहीत. हे म्हणणे आपण ऐकलेले आहे. साइटवर उभे असताना कोणी तक्रार केली तर तोंडात पहिले हेच येते.

१९६४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने हा निर्णय फिरवला. न्यायाधीशांनी आधी आकडा पाहिला: देशात दर ५०० माणसांमागे सुमारे एक माणूस अंध. मग विचारले की, शहराच्या फुटपाथवरून अंध माणूस एकटा चालत येईल ही गोष्ट खरोखर अनपेक्षित आहे का? नाही. तो येतोच, त्याला येण्याचा हक्क आहे, आणि काठी घेऊन तो स्वतःची काळजी घेतोच. मग उरला खर्चाचा प्रश्न. त्याचेही उत्तर पुराव्यातच होते. त्याच देशात पोस्ट खाते आपल्या खोदकामांना सुमारे दोन फूट उंचीचा हलका कठडा लावीत असे. टॉवेल वाळत घालायच्या घोडीसारखा. काठीला तो लागतो. म्हणजे उपाय माहीत होता, स्वस्त होता, शेजारचे खाते वापरत होते. हेलींच्या बाजूने निकाल लागला.

या निकालाने कठड्याची व्याख्याच बदलली, असे आम्हाला वाटते. आधी कठडा म्हणजे दिसणारी खूण. आता कठडा म्हणजे अडवणारी वस्तू. पांढऱ्या चुन्याची रेघ, दोन विटांवर ठेवलेली पाटी, बांबूला बांधलेली तांबडी चिंधी, प्लॅस्टिकची फडफडणारी पट्टी, या सगळ्या दिसणाऱ्या खुणा आहेत. अंध माणसाच्या काठीला त्या लागत नाहीत. मोतीबिंदू झालेल्या आजोबांना, अंधारात पाण्यातून चालणाऱ्या धडधाकट तरुणालाही लागत नाहीत. जमिनीपासून थोड्या उंचीवर सलग आडवी दांडी असलेला साधा कठडा सगळ्यांना लागतो.

आपल्या कायद्याने या बाबतीत किती लक्ष दिले, त्याचा एक नमुना. भारतीय दंड संहितेत सार्वजनिक रस्त्यावर धोका किंवा अडथळा निर्माण करण्याबद्दल २८३ वे कलम होते. शिक्षा: २०० रुपयांपर्यंत दंड. संहिता १८६० ची, अंमल १८६२ पासून. तेव्हा २०० रुपये ही मोठी रक्कम होती. ती १ जुलै २०२४ पर्यंत तशीच राहिली, म्हणजे १६२ वर्षे. नव्या भारतीय न्याय संहितेत ती ५,००० झाली. शिवाय २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने रस्त्याचे विहित निकष न पाळणाऱ्या ठेकेदारावर, सल्लागारावर आणि अधिकाऱ्यावर एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आणली. कागद सुधारतो आहे.

पण आमच्या अनुभवाने मूळ दुखणे दंडात नाही, बिलात आहे. केंद्रीय मंत्रालयाच्या रस्तेकामाच्या स्पेसिफिकेशनमध्ये काम चालू असतानाची वाहतुकीची बहुतेक व्यवस्था, कठडे, पाट्या, दिवे, झेंडीवाले, ही 'कामातच अंतर्भूत' मानली आहे. म्हणजे तिचे वेगळे पैसे नाहीत. हेतू चांगला होता, की हे ठेकेदाराचे मूलभूत कर्तव्यच आहे. परिणाम मात्र असा की मोजमाप पुस्तकात खडीचे घनमीटर येतात, डांबराचे टन येतात, कठड्याचे मीटर येत नाहीत. जे मोजायचे नाही ते तपासले जात नाही, आणि जे तपासले जात नाही ते साइटवर पोचत नाही. जिथे कठड्याला स्वतंत्र बाब म्हणून दर दिलेला असतो तिथे तो लागलेला दिसतो. यावर आमच्या काही वरिष्ठांचे मत वेगळे आहे. ते म्हणतात, पैसे दिले तरी कठडा रात्री भंगारात जातो. तेही खोटे नाही. म्हणजे पुन्हा शेगडीजवळच्या रखवालदारावरच येतो आपण.

२९ ऑगस्ट २०१७ ची गोष्ट पुष्कळांना आठवत असेल. गणेशोत्सव चालू होता आणि मुंबई पाण्यात होती. शहरातले एक नामवंत पोटविकारतज्ज्ञ गाडी सोडून पाण्यातून पायी घरी निघाले आणि रस्त्यावरच्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले. दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीला सापडला. पाणी ओसरावे म्हणून झाकण उघडले गेले होते. उघडणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, पण तिथे ना कठडा होता, ना उभा राहणारा माणूस. त्यानंतर मुंबईत झाकणांखाली संरक्षक जाळ्या बसवण्याकडे लक्ष गेले. आपल्या गल्लीत असे झाकण उघडले की शेजारचा दुकानदार त्यात झाडाची मोठी फांदी रोवतो. कोणत्याही मार्गदर्शिकेत नसलेली ही खूण कंबरभर पाण्यातही वर दिसते आणि अंधारात अंगाला लागते. त्या फांदीला आम्ही मनोमन नमस्कार करतो.

उत्सवाचा आणि खड्ड्यांचा संबंध इथे संपत नाही. मंडपाचे खांब रोवायला डांबरात खड्डे घेतले जातात. मुंबईत महापालिका त्यासाठी खड्ड्यामागे दंड आकारते. मंडप उतरल्यावर हे खड्डे मातीने बुजतात आणि नवरात्र येईपर्यंत पुन्हा उघडतात. रेतीने भरलेल्या ड्रममध्ये किंवा लोखंडी पायपट्टीवर खांब उभे केले तर खड्डाच लागत नाही. बऱ्याच मंडळांनी हे स्वीकारले आहे.

आणि मिरवणूक. मिरवणुकीत खाली कोण पाहतो? सगळ्यांचे डोळे मूर्तीकडे. लेझीमवाल्यांना तालाचे भान, ताशेवाल्याच्या कानात दुसरे काही शिरत नाही, आणि गाडीला वाट दाखवणारा कार्यकर्ता तर मूर्तीकडे तोंड करून उलट्या पावलांनी चालत असतो. त्या तासाभरापुरते आपण सारेच न पाहता चालणारे असतो. त्यातच मूर्ती मोठी असली आणि वाटेत एखाद्या चराचा कठडा आडवा आला की चार जण तो उचलून बाजूला करतात. गाडी पुढे जाते. कठडा बाजूलाच राहतो. मागून, गर्दी पांगल्यावर, अंधारात एखादे कुटुंब लहान मुलांना घेऊन घरी परतत असते. कठडा किंवा दिवा अधिकाराशिवाय हलवू नये, हे १८८८ मध्ये लिहिले गेले ते अशाच प्रसंगासाठी.

यंदा विसर्जनाच्या मार्गावर दोन ठिकाणी पावसाळी गटाराचे काम अर्धवट आहे. कार्यकर्त्यांच्या कामवाटपाच्या यादीत पाणी, प्रसाद, वाहतूक यांच्याखाली आम्ही आणखी एक ओळ घालायला सुचवली आहे. प्रत्येक चरापाशी दोघे जण, हातात टॉर्च, मिरवणुकीच्या आधी अर्धा तास पोचायचे आणि कठडा परत जागेवर लावून, शेवटचा माणूस पुढे गेल्यावरच निघायचे. चार नावे लागतील. दोन आली आहेत.